जुना सिंथ विकावा की ठेवावा? सांगली-मिरजेकडच्या वाजवणाऱ्यांनी बोला

कृष्णाकाठचा कीबोर्डवाला:
माझ्याकडं रोलंड कंपनीचा जुनो-१०६ सिंथ (सिंथेसायझर) आहे, १९८४ चं मॉडेल. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा बायकोनं कागदपत्रांची पिशवी उचलली आणि मी हा उचलून माडीवर पळालो. ते अजून ऐकून घेतोय. आता पोरगा म्हणतो, विका, लॅपटॉपवर तोच आवाज येतो. ऐकला, बऱ्यापैकी येतो. पण फिल्टर, म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणारा भाग, काय माऊसनं उघडायचा? इथं डोळे मिटले तरी डावा हात बरोबर स्लायडरवर पडतो. आणि खरं सांगू, त्या डिजिटल आवाजात जीव नाही. मी विकणार नाही. चुकतोय का?

तासगावचा ऑक्टापॅड:
दादा, चुकताय. गेल्या वर्षी यात्रेच्या सुपारीला आमच्या जोडीदारानं याच मॉडेलचा सिंथ आणला होता. याला सहा व्हॉइस, म्हणजे एका वेळी सहाच सूर; प्रत्येकाची चिप वेगळी आणि ते पाळीपाळीनं वाजतात. त्यातल्या एकाची चिप गेलेली, त्यामुळं दर सहावा सूर गप्प. लावणीच्या मुखड्यालाच भोकं! निवेदकानं दोन चुटके सांगून वेळ मारून नेली, पैसे मात्र कापले गेले. आणि डिजिटलला नावं ठेवू नका. जुनोचा आवाज ॲनालॉग असला तरी सूर धरून ठेवणारं आतलं घड्याळ डिजिटलच आहे.

मिरजेचा भोपळा:
आमच्याकडं जुन्या तंबोऱ्याची जवारी (तारेची गुंजणारी आस) गेली म्हणून कुणी तंबोरा भंगारात घालत नाही. कारागीर तारांखालच्या घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, पुन्हा थोडी फिरवतो. तासाभरात आवाज उघडतो. वाद्याची सेवा करावी लागते. तुम्हाला आजकाल तेवढा दम नाही.

तासगावचा ऑक्टापॅड:
तुमचा कारागीर सतारमेकर गल्लीत बसतो. ८००१७ए ही चिप मिरजेच्या कुठल्या गल्लीत मिळते तेवढं सांगा. तिच्यावरचा काळा लेप म्हातारा झाला की चिप खातो. ॲसिटोनमध्ये बुडवून तो काढणारे आहेत, पण उद्या कार्यक्रम असला तर?

फुकटचा श्रोता:
या "जुनं ते सोनं"ची मला गंमत वाटते. रोलंडचंच टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० ला आलं. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. १९८३ ला बंद, एकूण सुमारे १२ हजार नग. मग सेकंडहँडमध्ये पडेल भावानं मिळायला लागलं आणि हिप-हॉप, टेक्नोवाल्या पोरांनी उचललं. स्वस्त म्हणून! हिंदी सिनेमासंगीतातले वादक चरणजितसिंग यांनी १९८२ साली ८०८ आणि टीबी-३०३ हे बेसचं मशीन घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले, तेव्हा ती यंत्रं नवी कोरी होती. म्हणजे ज्यांच्यामुळं या खोक्यांना भाव आला त्यांच्यातलं कुणी जुन्याच्या प्रेमात नव्हतं. हाताशी होतं ते वाजवलं.

मिरजेचा भोपळा:
मग दादांच्या हाताशी जुनोच आहे की! तेच तर म्हणतोय.

फुकटचा श्रोता:
हे मात्र बिनतोड.

कृष्णाकाठचा कीबोर्डवाला:
स्लायडरचं कुणी बोललंच नाही, असो. सुपारीला पोराचा लॅपटॉप नेईन, जुनो माडीवरच राहील. आणि ऑक्टापॅडवाल्या, तुझं वाचून आत्ता एकच पट्टी सहा वेळा दाबून बघितली. पाचव्यांदा गप्प. चिपवरचा लेप काढणाऱ्याचा पत्ता दे बाबा.