मेलचे फिल्टर: सोय कुठे झाली, फटका कुठे बसला?

जीमेलमध्ये फिल्टर लावायला लागून मला सहा वर्षं झाली. बिलं, पावत्या, जाहिराती आपापल्या लेबलाखाली जातात आणि सकाळी समोर येतात ते माणसांनी लिहिलेले मेल. ही सोय मला खरंच मोलाची वाटते. पण याच फिल्टरपायी माझी एक मुलाखत हुकली. नोकरीच्या संकेतस्थळांवरून रोज वीस-पंचवीस मेल यायचे, म्हणून नियम केला होता की विषयात 'जॉब' असेल तर मेल इनबॉक्समध्ये न येता थेट लेबलात जावा, आणि वर वाचलेला म्हणून खूण व्हावी. जिथे अर्ज केला होता तिथल्या बाईंनी स्वतः लिहिलेल्या मेलच्या विषयातही नेमका तोच शब्द होता. मुलाखत मंगळवारी होती. मेल मला दिसला शुक्रवारी.

तेव्हापासून लेबलं हवी तेवढी लावते, पण 'इनबॉक्स वगळा' आणि 'वाचलेलं करा' या दोन्ही खुणा एकाच फिल्टरवर करत नाही. न वाचलेला मेल आत असला की लेबलाचं नाव ठळक दिसतं, पुढे आकडा येतो. निदान नजर तरी जाते.

तुमचे अनुभव लिहा. फसलेले तर आवर्जून लिहा.

*

आमच्याकडे ऑफिसात आउटलुक आहे. मी हिशेबाचं काम बघते, त्यामुळे पुरवठादारांची बिलं एका फोल्डरात आणि साहेबांचे मेल दुसऱ्या फोल्डरात असे रूल (आउटलुकमध्ये फिल्टरला रूल म्हणतात) केले होते. साहेबांनी एखादं बिल पुढे पाठवलं की ते दोन्हीकडे दिसायचं, आणि एकदा एकाच बिलाची नोंद दोनदा झाली. आउटलुक रूल वरून खाली, क्रमाने चालवतं. वरच्या रूलमध्ये 'पुढचे रूल चालवू नका' ही खूण केली आणि प्रश्न सुटला.

आणखी एक. काही रूल सर्व्हरवर चालतात, काही फक्त आपल्या संगणकावर आउटलुक उघडं असेल तेव्हाच. मेल संगणकावरच्या फोल्डरात हलवायचा रूल हा दुसऱ्या जातीचा. मी नऊ दिवस रजेवर होते, मशीन बंद. फोनवर पाहिलं तर सगळं इनबॉक्समध्ये साचलेलं.

*

नियम करताना शब्दावर कमी आणि पाठवणाऱ्यावर जास्त भर द्यावा, असं माझं मत. सामूहिक मेलच्या शीर्षभागात, म्हणजे मजकुराबरोबर येणाऱ्या पण एरवी न दिसणाऱ्या माहितीत, बहुतेक वेळा 'लिस्ट-आयडी' नावाची, मेल कोणत्या यादीतून आला ते सांगणारी ओळ असते. ती धरून नियम केला तर विषय काहीही असो, नेम चुकत नाही.

माझा स्वतःचा मेल सर्व्हर आहे, तिथे मी सीव्ह वापरतो. सीव्ह म्हणजे चाळणी, मेल गाळण्यासाठीच बनवलेली छोटी भाषा. तिचं प्रमाणित रूप २००१ साली आलं, सुधारित २००८ साली. तिची एक गोष्ट मला फार आवडते: एकही नियम लागू झाला नाही, किंवा लिहिलेला नियम चालताना मध्येच अडखळला, तरी मेल इनबॉक्समध्येच राहतो. शंका आली तर मेल ठेवायचा, हा विचार भाषेच्या मुळातच आहे. 'जॉब'चा अनुभव वाचून हेच आठवलं.

*

फोनवरच्या जीमेल ॲपमध्ये फिल्टर बनवता येत नाही, ब्राउझर लागतो. आधी तीच अट शोधपेटीत टाकून निकाल वाचा आणि मगच फिल्टर करा. नको ते मेल तिथेच दिसतात.

*

माझा अनुभव उलट बाजूचा आहे. मेल बाजूला सारण्यासाठी मी एकही फिल्टर ठेवलेला नाही, पण एक फिल्टर मेल जवळ आणतो. आईच्या तपासण्या चालू होत्या. प्रयोगशाळेचा अहवाल दोन दिवस आला नाही म्हणून मी रोज फोन करत होतो, आणि तो स्पॅममध्ये पडून होता. डॉक्टरांसमोर बसल्यावर, त्यांनी 'स्पॅम बघा' म्हटल्यावर सापडला. त्याच रात्री त्या पत्त्यासाठी फिल्टर केला: स्पॅममध्ये कधीच पाठवू नका, तारा लावा. पुढचे सगळे अहवाल आल्या आल्या दिसले. स्पॅममधले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात, हे कळल्यावर पोटात गोळा आला होता.

*

एक सावधगिरीची गोष्ट. वडिलांच्या मेलचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला होता. आम्ही तो लगेच बदलला, पण महिनाभर बँकेचे मेल त्यांना दिसतच नव्हते. शेवटी सेटिंगमध्ये फिल्टरांची यादी उघडली. एक ओळ आमची नव्हती: बँकेचं नाव असलेला मेल अमुक पत्त्यावर पाठवा आणि इथून काढून टाका. पासवर्ड बदलला तरी फिल्टर तसाच राहतो. खात्यात कुणी शिरल्याची शंका आली तर पासवर्डबरोबर फिल्टर आणि फॉरवर्डिंग दोन्ही तपासा. वडील बरेच दिवस अस्वस्थ होते.

*

हे वाचून आत्ताच माझी यादी उघडली. ४३ फिल्टर निघाले. फॉरवर्डिंगचा एकही नाही, पण 'इनबॉक्स वगळा' आणि 'वाचलेलं करा' दोन्ही असलेले जुने तीन अजून चालू होते. त्यातला एक मुलीच्या जुन्या शाळेच्या पत्त्यावरचा. तिन्ही काढले. त्या लेबलातले मेल आता एकेक उघडून बघते आहे.