दीर्घ आजार आणि ख्रिस्ती श्रद्धा: रोजचं कसं बसवायचं? (अनुभव धागा)

आजारपणात श्रद्धेने बळ मिळतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. ते पुन्हा लिहू नका. प्रार्थना, उपवास, उपासना आणि औषधांच्या वेळा यांचा मेळ कसा घालायचा, कुठे फसतं आणि का, तेवढं लिहा. आजाराचं नाव आधी. डोस डॉक्टरांना विचारूनच बदलायचा, हे प्रत्येक प्रतिसादाखाली लिहिलंय असं समजा.

मधुमेह
उपवासकाळात पहिला घोळ इथेच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि जेवण टाळलं, की औषध आपलं काम करतं आणि साखर कोसळते. घाम, थरथर, चिडचिड, वाचलेली ओळ न कळणं ही लक्षणं. रक्तातली साखर 70 mg/dL च्या खाली गेली तर 15 ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाभर साखर पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. चॉकलेट उपयोगाचं नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. ‘प्रार्थना संपू दे, मग बघू’ हे तर अजिबात नको.
कॅथलिकांसाठी: उपवासाचा नियम 18 ते 59 वयोगटाला आहे आणि त्यातही आजाऱ्यांना सूट असते. ख्रिस्तप्रसादाआधी (मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, मिळणारी भाकर आणि द्राक्षारस) तासभर काही न खाण्याचा नियम आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागू नाही, हे तर धर्मविधीसंहितेतच लिहिलेलं आहे. तेव्हा खिशातली साखर खाऊन रांगेत उभं राहायला काहीच हरकत नाही.

अपस्मार
रात्रभराची प्रार्थनासभा टाळा. जागरणाने फिट येते, शिवाय गडबडीत रात्रीची गोळी राहते. पहिला तासभर बसावं, गजर वाजला की गोळी घ्यावी, घरी जाऊन झोपावं. कुणी नाक मुरडलं तर 1 राजे 19 दाखवा. खचलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूत आधी उपदेश करत नाही. उठवून खायला घालतो, पुन्हा झोपू देतो आणि पुन्हा खायला घालतो.

सीलिअ‍ॅक
म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार. कॅथलिक मिस्सेत पूर्णपणे ग्लुटेनविरहित ओस्ती (ख्रिस्तप्रसादाची पातळ भाकर) चालत नाही, अत्यल्प ग्लुटेनची चालते. तीही सोसत नसेल तर फक्त द्राक्षारस घेतला तरी ख्रिस्तप्रसाद पूर्णच मानला जातो. गफलत होते ती प्याल्यात: धर्मगुरू नेहमीच्या ओस्तीचा तुकडा मुख्य प्याल्यात टाकतात. म्हणून वेगळा प्याला मागायचा आणि तो मिस्सेआधी सांगून ठेवायचा, रांगेत नव्हे. कमी ग्लुटेनची ओस्तीही झाकणाच्या वेगळ्या डबीत हवी. नेहमीच्या ओस्तींच्या ताटलीत ठेवली की सगळं मुसळ केरात. इतर मंडळ्यांत पाळकांशी बोलून वेगळी भाकर ठेवता येते, पण ताटली आणि हात यांची काळजी तीच.

डायलिसिस
फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीचा) हात हलवायचा नाही. सुई सरकली तर मशीन ओरडतं, हात सुजतो. त्यामुळे जाड बायबल बाद. दुसऱ्या हातात दहा मण्यांची छोटी जपमाळ बसते, किंवा ध्वनिमुद्रित वाचन एकाच कानात. दुसरा कान मशीनच्या अलार्मसाठी मोकळा. साधारण चार तासांपैकी लांब वाचन पहिल्या दोनांत उरकावं. शेवटी शेवटी रक्तदाब उतरतो, पायात गोळे येतात, तेव्हा अध्याय वाचण्याचा अट्टहास फुकट. श्वास घेताना ‘प्रभू येशू’, सोडताना ‘दया कर’, एवढंच पुरतं. आणि चक्कर वाटली तर आधी नर्सला हाक, मग ‘दया कर’.

दमा
धुपापासून लांब, दाराजवळची जागा. इनहेलर खिशात, पर्समध्ये तळाशी नाही.

आमवात
गुडघे टेकायची सक्ती नाही, बसून केलेली प्रार्थना तीच. सकाळी सांधे आखडलेले असतात, म्हणून शक्य तिथे उशिराची उपासना निवडा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. वार पक्का करून डबीवर लिहा. दुसऱ्या दिवशी मळमळ होणाऱ्यांनी शनिवार टाळून रविवारी रात्री घ्यावी, म्हणजे उपासना सुखरूप पार पडते.

‘औषध सोड, विश्वास ठेव’ म्हणणाऱ्यांविषयी
याकोबाच्या पत्रात (5:14) मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. औषध टाका असं नाही. प्रेषित पौलाने आपल्या सहकारी तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, त्रफिम या सोबत्याला पौलाला मिलेत शहरात आजारी सोडून यावं लागलं, लूक तर वैद्यच. आणि स्वतः पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली, तो काढला गेला नाही. इतक्या जणांचा विश्वास कमी पडला म्हणायचं का? कित्येक आठवडे चाललेलं स्टेरॉइड एकदम थांबवलं तर शरीराला स्वतःचं कॉर्टिसॉल लगेच पुरेसं बनवता येत नाही. रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. बरं वाटलं, तर तपासणी करून डोस उतरवत न्यायचा. कॅथलिकांत आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार फक्त मरणपंथाला लागलेल्यांसाठी नाही. आजार बळावला तर पुन्हा घेता येतो.

अतिथकव्याचा आजार
श्रमाचा फटका बहुधा एक-दोन दिवसांनी बसतो, म्हणून रविवारी जायचं असेल तर शनिवार आणि सोमवार दोन्ही मोकळे ठेवा. डोकं चालत नसेल तेव्हा स्तोत्र 13 घ्या, सहाच वचनं आहेत. फारच वाईट दिवशी 88. त्यात शेवटी ओढूनताणून आनंद आणलेला नाही, अंधारातच संपतं. भेटायला येणाऱ्यांना दहा मिनिटांची वेळ आधीच सांगा आणि प्रार्थना आल्या आल्या करायला लावा. जाता जाता ठेवली की ती लांबत जाते.