मदत हवी आहे: चुलत बहिणीच्या लग्नासाठी बाईचाही नाही आणि पुरुषाचाही नाही असा पोशाख कसा शिवून घ्यावा?

नमस्कार. माझी ओळख नॉन-बायनरी आहे, म्हणजे स्वतःला बाई म्हणवून घेणे मला पटत नाही आणि पुरुष म्हणवून घेणेही पटत नाही. जन्मदाखल्यावर माझी नोंद मुलगी अशी आहे. आमचे घर गिरगावातल्या चाळीत आहे. आई, बाबा, आजी आणि चुलत बहीण यांना मी सर्व काही सांगितले आहे, बाकीच्या गोतावळ्याला अजून नाही. त्याच बहिणीचे लग्न मार्गशीर्षात दादरला आहे आणि त्या दिवशीच्या कपड्यांसाठी मला तुमचा सल्ला हवा आहे.

रोजच्या कपड्यांचा प्रश्न फारसा उरलेला नाही. सैल शर्ट आणि साधी पँट यांत माझे नीट निभावते. लग्नाचे तसे नाही, कारण आपल्याकडे लग्नात कपडे आणि मान एकत्र येतात. करवली म्हणून मागे कऱ्हा घेऊन उभे राहायचे तर साडी ठरलेली, आणि कानपिळीचा मान घ्यायचा तर तो नवरीच्या भावाचा, त्यामुळे त्याला मिळणारा आहेरही पुरुषाच्या कपड्यांचा. बहिणीला सख्खा भाऊ नाही. कान मीच पिळावा असा तिचा आग्रह आहे, तर मी करवली व्हावे असे काकूंना वाटते. मला दोन्ही मान मनापासून आवडतील. अडचण आहे ती मानाबरोबर येणाऱ्या पोशाखाची.

तयार कपडे घालून पाहिले. पुरुषांचा कुडता छातीच्या मापाने घेतला की खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि खाली नितंबांपाशी कापड ताणले जाऊन बाजूची चीर उघडी पडते. बायकांच्या कुडत्याला छातीवर टक्स (उभार देण्यासाठी शिवलेल्या चुण्या) आणि कमरेला आकार दिलेला असतो, म्हणजे जे झाकावेसे वाटते तेच तो ठळक करतो. त्यामुळे दुकानाचा कोणता विभाग आपला, हा प्रश्न मी सोडून दिला आहे. माझ्या मते उत्तर मापात आणि बेतण्यात आहे. मात्र लेडीज टेलर सवयीने टक्स घालतात आणि जेन्ट्स टेलर माप घ्यायलाच संकोचतात. ज्यांच्याकडे मी चौकशी केली, त्यांनी ‘हे नक्की कोणासाठी आहे?’ एवढे विचारून विषय संपवला.

आजीने मात्र स्वतःहून तिचे जुने इरकली नऊवारी लुगडे काढून दिले. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड, त्यामुळे बेतायला भरपूर वाव आहे. त्यातून बाराबंदी शिवून घ्यावी असे माझ्या मनात आहे. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत भक्त पांढरी बाराबंदी घालतात ती अनेकांनी पाहिली असेल. तिला बटणपट्टी नसते, त्यामुळे उजवी बाजू वर की डावी यावरून शर्ट बायकांचा की पुरुषांचा हे जसे ओळखले जाते, तसे येथे होत नाही. पुढचे दोन पदर एकमेकांवर येऊन बंदांनी बांधले जातात, म्हणून छातीवर कापडाचे दोन थर बसतात आणि टक्स न घालताही ती सपाट दिसते. नितंबांपाशी ताण पडू नये यासाठी कळीदार कुडत्यासारख्या बाजूला कळ्या घातल्या, तर कमरेला आकार न देता खाली घेर मिळेल, असा माझा अंदाज आहे. खाली शिवलेले धोतर असावे असे वाटते. काष्टा नऊवारीलाही असतो आणि धोतरालाही, आणि पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून डोक्याला फेटा बांधलेल्या बायकांचे आमच्या गिरगावात सगळे कौतुकच करतात, तेव्हा हा वेश मांडवात फार परका वाटू नये.

बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून आतून घालायचा घट्ट कपडा, माझ्याकडे आहे, परंतु तो आठ तासांहून अधिक घालू नये, तो घालून झोपू नये आणि त्याच्या जागी क्रेप बँडेज कधीच गुंडाळू नये, कारण ते श्वासागणिक आवळत जाते आणि बरगड्यांना इजा होऊ शकते, हे मला ठाऊक आहे. पहाटेच्या तयारीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत आठ तास केव्हाच उलटून जातील. म्हणून बाइंडरशिवायही अंगावर नीट बसेल असेच कापड बेतले जावे, अशी माझी इच्छा आहे.

बाबांना निराळीच धास्ती आहे. असा वेश केल्याबद्दल कोणी तक्रार केली तर काय, असे ते विचारतात. नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात, म्हणजे तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निकालात, पेहरावातून आपली लिंगओळख व्यक्त करणे हा संविधानाच्या कलम १९(१)(अ) खालील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला आहे, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांना धीर आला. पण नातेवाइकांच्या प्रश्नांना निकालपत्र दाखवून उत्तर देता येत नाही, हेही तितकेच खरे.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे. जुने सुती इरकली कापड बंदांच्या टाक्यांपाशी उसवेल का, आणि आतून मलमलीचे अस्तर लावावे की फक्त बंदांच्या जागी पट्टी द्यावी? छातीचे माप बाइंडर घालून द्यावे की न घालता, आणि मुंढा किती सैल ठेवावा म्हणजे हात वर केल्यावर पदर सुटणार नाहीत? दादर, गिरगाव किंवा परळ भागात, माप घेताना अवघडून न टाकता सांगितले तसेच शिवून देणारे कोणी कारागीर माहीत असतील तर मला व्यक्तिगत निरोपातून कळवावे. उघड धाग्यावर कोणाचे नाव वा नंबर नको.

ज्यांनी घरच्या कार्यात असा पोशाख केला आहे, त्यांच्याकडून आणखी एक जाणून घ्यायचे आहे. आहेर देताना तुम्हाला साडी दिली गेली की शर्टपीस, आणि त्याबद्दल यजमानांशी आधी बोलणे कोणी केले, तुम्ही स्वतः की घरातल्या वडीलधाऱ्यांनी? काकूंशी बोलायला आजी तयार आहे. तिचे वय पाहता हा भार तिच्यावर टाकणे माझ्या जिवावर येते, पण तिच्या शब्दाला घरात जे वजन आहे ते माझ्या शब्दाला नाही. तुमच्या घरी हे बोलणे कसे झाले, तेवढे सविस्तर लिहाल का? कापड तुळशीच्या लग्नापूर्वी शिवायला टाकायचे आहे.