मदत हवी आहे: ब्रेक ड्रम 'मोडका' लिहून बसलो

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. गिऱ्हाइकाचे रिपोर्ट, मेल सगळं इंग्रजीत, आणि ते माझ्याच गळ्यात. मराठी मीडियम, पुढं डिप्लोमा. व्याकरण कसंबसं निभावतं, पण सारख्या आवाजाचे शब्द घात करतात.

गेल्या आठवड्यात एका मेलमध्ये चार वेळा 'ब्रेक ड्रम' लिहिलं. चारही वेळा मोडण्याचा ब्रेक, म्हणजे बी-आर-ई-ए-के. गाडी थांबवणारा बी-आर-ए-के-ई. गिऱ्हाइकानं चकार शब्द काढला नाही, उत्तरात फक्त बरोबर स्पेलिंग वापरलं. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या. स्पेलचेकनं लाल रेघ मारली नाही, कारण दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेतच.

तीच गत 'डाय'ची. साच्याचा डाय आय-ई. कास्टिंगमधली चीर शोधायला रंग लावतो, त्या डाय पेनिट्रंट टेस्टमधला वाय-ई. मी दोन वर्षं आय-ई लिहितोय, आणि मरण्याचं स्पेलिंगही तेच!

शब्दांच्या याद्या नकोत, नेटवर ढिगानं आहेत. पाठवायच्या आधी चूक पकडायची कशी?

प्रतिसाद १:
काही घोळ आपल्या जिभेचा आहे. उद्यमनगरात 'नट लूज झालाय' म्हणतो, तेच लूज आपण ऑर्डर हातची जाण्यालाही लावतो. इंग्रजीत ढिला तो 'लूस', दोन ओ. गमावणं 'लूझ', त्यातला एक ओ गमावलेला. सल्ल्याचंही तसंच: नाम 'अ‍ॅडव्हाइस' सी घालून, क्रियापद 'अ‍ॅडव्हाइझ' एस घालून. ब्रेकला मात्र हे औषध चालत नाही, दोन्हींचा उच्चार एकच.

प्रतिसाद २:
भावा, वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये तुझा मोडका 'ब्रेक ड्रम' टाक, समोर बरोबर स्पेलिंग. दोन्ही शब्द जोडीनंच टाक. नुसता ब्रेक टाकलास तर 'कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) ब्रेक झाला' लिहिशील तिथंही गाडीचा ब्रेक येऊन बसेल. डाय पेनिट्रंटलाही हेच कर. बाकी नेहमी चुकणारे पाच-सहा शब्द मॉनिटरला चिकटव आणि पाठवायच्या आधी कंट्रोल एफ मारून एकेक शोध. अख्खा मेल परत वाचून काही सापडत नाही, आपलं आपल्याला बरोबरच दिसतं.

धागाकर्ता:
ऑटोकरेक्ट केलं, चालतंय. मिसळ माझ्याकडून. आता जुन्या रिपोर्टांचं काय करू? साहेबांना सांगू, का झाकली मूठ?