जुन्या मार्शलचा आवाज नेमका कशात? माझं मत: व्हॉल्व्हमध्ये कमी, पेटीत जास्त

बंदपेटी (धागाकर्ता)
१९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या दुकानात जेटीएम४५ हा गिटारचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर (ॲम्प) तयार झाला, तो फेंडर कंपनीच्या बेसमन ॲम्पच्या ५एफ६-ए सर्किटवरून, जवळजवळ जसाच्या तसा. तरीही दोन्ही शेजारी ठेवून वाजवले तर ओळखायला वेळ लागत नाही. का? बेसमन म्हणजे मागून उघडी स्पीकरची पेटी (कॅबिनेट), आत १० इंची चार जेन्सन स्पीकर. मार्शल म्हणजे बंद पेटी, आत १२ इंची चार सेलेशन. मागून उघड्या पेटीत मागची लाट पुढे वळसा घालून खालचे सूर खाते. बंद पेटीत ती कोंडली जाते, म्हणून पाम म्यूट केल्यावर (तळहाताने तारा दाबून वाजवल्यावर) छातीत धक्का बसतो. वर सेलेशनच्या ग्रीनबॅक स्पीकरचा कोन ५ किलोहर्ट्झच्या पुढे सरळ दरीत पडतो. डिस्टॉर्शनचा कर्कश भाग तिथेच गाळला जातो.

खात्री करायची तर हेड (स्पीकरशिवायचा नुसता ॲम्प) तोच ठेवा, नॉब हलवू नका, फक्त पेटी बदला. ओहम मात्र जुळवा (१६ ओहमचे चार स्पीकर सिरीज-पॅरलल जोडले की पुन्हा १६ च होतात), आणि पेटी काढता-लावताना ॲम्प बंद असू द्या. लोडशिवाय दणकून चालवलेल्या हेडचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आतल्या आत ठिणगी मारून जातो. यानंतर व्हॉल्व्ह बदलून हाच प्रयोग करा आणि कशाने जास्त फरक पडला ते सांगा. लोक जुने म्युलार्ड व्हॉल्व्ह सोन्याच्या भावाने घेतात आणि मिळेल त्या पेटीला जोडतात, हे मला कधी समजलेलं नाही.

सत्तावीसके
‘जवळजवळ जसाच्या तसा’ म्हणताना नेमक्या त्याच गोष्टी गाळल्यात ज्यांनी फरक पडतो.

पहिल्या जागी बेसमनमध्ये १२एवाय७ व्हॉल्व्ह असतो, म्यू (सिग्नल किती पट वाढवू शकतो तो आकडा) साधारण ४४. मार्शलने तिथे ईसीसी८३ बसवला, म्यू १००. पहिल्याच टप्प्यात जवळपास दुप्पट सिग्नल. फीडबॅकचा (आउटपुटचा थोडा भाग उलटा आत परत देऊन ॲम्पला आवरणारा) रेझिस्टर दोन्हीकडे २७ किलोओहमच, पण बेसमनमध्ये तो २ ओहमच्या आउटपुटवरून येतो आणि जेटीएम४५ मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या १६ ओहमच्या टॅपवरून. तेवढ्याच वॅटला १६ ओहमवर व्होल्टेज २.८ पट असतं, म्हणजे परत येणारा फीडबॅकही तेवढाच जास्त. म्हणून जेटीएम४५ बराच वेळ आवरलेला, गोलसर राहतो आणि फुटतो (डिस्टॉर्ट होतो) तेव्हा एकदम फुटतो. यात पेटीचा काही संबंध नाही.

आणि ‘क्लासिक रॉक’ म्हणताना बहुतेकांच्या कानात जेटीएम४५ नसतोच. असतो तो साठच्या दशकाच्या शेवटचा १०० वॅटचा सुपर लीड, मॉडेल १९५९ (हा क्रमांक आहे, साल नव्हे). तोवर सर्किट कुठल्या कुठे गेलं होतं:

पहिल्या व्हॉल्व्हचे दोन अर्धे वेगळे केले. ब्राइट चॅनलच्या कॅथोडला २.७ किलोओहम आणि ०.६८ मायक्रोफॅरड. हिशोब केला तर साधारण २३० हर्ट्झच्या खाली गेन उतरायला लागतो आणि ८७ च्या आसपास बराच उतरलेला असतो. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची. म्हणजे बेस डिस्टॉर्शनच्या *आधी* कापला. तो आधी कापला नाही तर चिखल होतो, आणि तो चिखल नंतर कुठलीही पेटी साफ करू शकत नाही.

टोन स्टॅकमध्ये (बेस-मिड-ट्रेबल नॉबचं सर्किट) ५६ किलोओहमच्या जागी ३३, ट्रेबलचा २५० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर ५०० चा झाला. मिड पुढे आला. फीडबॅकचा रेझिस्टर २७ वरून ४७ आणि पुढे १०० किलोओहमपर्यंत सैल केला. पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (सिग्नल घेणाऱ्या टोकाकडे) जाणारे कपलिंग कॅपॅसिटर ०.१ वरून ०.०२२ मायक्रोफॅरड. हा शेवटचा बदल लोक विसरतात. ग्रिडमधून करंट वाहू लागला की हा कॅपॅसिटर चार्ज होतो आणि व्हॉल्व्ह क्षणभर बंदच पडतो, नोट थुंकल्यासारखी फाटते. कॅपॅसिटर छोटा असला की तो लवकर सावरतो.

ईएल३४ पॉवर व्हॉल्व्ह आणि सिलिकॉन रेक्टिफायर याच वाटेवर आले. त्यामुळे ‘जुन्या मार्शलचा सॅग (जोरात मारल्यावर व्होल्टेज क्षणभर खाली बसणं) म्हणजे जीझेड३४ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह’ हा नेहमीचा समजही सोडा. गाजलेल्या सुपर लीडमध्ये तो व्हॉल्व्ह नाहीच, आणि जिथे आहे तिथेही पूर्ण करंटला जेमतेम १५-२० व्होल्ट पाडतो. सॅग येतो ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून आणि लहान फिल्टर कॅपॅसिटरमधून.

मोहरी
इतकं सगळं लिहिलंत, पण मस्टर्ड कॅपॅसिटरचा उल्लेख नाही? फिलिप्सचे ते पिवळे कॅपॅसिटर आणि जुने कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर काढून आजचे मेटल फिल्म लावले की आवाज सपाट होतो. ऐकणाऱ्याला कळतं.

सत्तावीसके
ते पॉलिएस्टर फिल्मचेच कॅपॅसिटर आहेत, आजही तसेच मिळतात. तुलना करायची तर आधी दोन्ही मीटरवर मोजा. ०.०२२ लिहिलेला जुना ०.०२५ निघाला आणि नवा ०.०२१, तर तुम्ही मायक्रोफॅरडच्या आकड्यातला फरक ऐकताय, कंपनीतला नाही. आणि साठच्या शेवटी मार्शलमध्ये बहुतांश रेझिस्टर कार्बन फिल्मचे होते. कार्बन कॉम्पोझिशन उष्णतेने वर सरकतात, १०० किलोओहमच्या प्लेट रेझिस्टरचा १२० होतो. ही जादू नव्हे, हिस्स आहे.

मोहरी
मीटरला ऐकू येत नाही, साहेब.

बंदपेटी
मोहरी, तुमचं नंतर बघू. सत्तावीसके, तुमचे आकडे मान्य. पण आज लोक घरी कसे वाजवतात? प्लेक्सीच्या (साठच्या दशकातल्या मार्शलच्या) कुठल्याही बऱ्या डिजिटल मॉडेलला कॅबिनेटचा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, पेटीच्या आवाजाचा डिजिटल ठसा) लावतात. आयआर बदला, ॲम्प दुसराच वाटतो. उलट २.७ किलोओहमच्या जागी ८२० ओहम लावला तर कोणीही बेस नॉब थोडा फिरवून काम भागवेल.

सत्तावीसके
नाही भागणार. नॉब फुटण्याच्या नंतर आहे! पहिल्या टप्प्यातून गेलेला बेस दुसऱ्या टप्प्याला आधीच फोडून बसलेला असतो. टोन स्टॅक फुटलेल्याचा रंग बदलतो, फुटणं बदलत नाही. आणि आयआर म्हणजे एक स्थिर फिल्टर. जोरात मारल्यावर कॅथोड फॉलोअर (टोन स्टॅकच्या आधीचा व्हॉल्व्हचा टप्पा) लाटेची वरची बाजू हळूच दाबतो, हलक्या हाताला सोडतो. हा दाब आयआरमध्ये कुठून येणार?

तीसवॅट
बंद पेटीच सगळं करत असेल तर व्हॉक्स एसी३० चं काय? मागून उघडा, दोन १२ इंची अल्निको ब्लू, प्रत्येकी १५ वॅट. चार ईएल८४, कॅथोड बायस, निगेटिव्ह फीडबॅक शून्य. ब्रिटिश रॉकचा अर्धा इतिहास त्यावर वाजलाय. (आणि कृपया त्याला क्लास ए, म्हणजे व्हॉल्व्ह सतत चालू असलेला, म्हणू नका, जोरात वाजवला की तो एबीच असतो, व्हॉल्व्ह आळीपाळीने बंद होतात.)

बंदपेटी
मी मार्शलबद्दल बोलतोय. एसी३० ची छमछम वेगळीच गोष्ट आहे. पण ब्लू काढून त्यात दुसरा स्पीकर घाला, छमछम राहते का बघा.

ओसाडबायस
तुम्ही सगळे ज्या जुन्या ॲम्पवरून भांडताय तो आधी धड चालतोय का? बाजारात येणारे निम्मे ‘व्हिंटेज टोन’ म्हणजे मेलेले फिल्टर कॅपॅसिटर. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झचा रिपल (डीसीत उरलेली थरथर) नोटमध्ये मिसळतो आणि वरच्या तारांवर मागे एक बेसूर भुताटकीची नोट वाजते. लोक त्यालाच कॅरेक्टर म्हणतात.

बायस (पॉवर व्हॉल्व्हमधून सिग्नल नसताना वाहणारा करंट) बघायचा तर: ईएल३४ ची प्लेट २५ वॅटची, त्याच्या ७० टक्के म्हणजे १७.५. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर १७.५ भागिले ४५०, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हला साधारण ३९ मिलिॲम्पिअर. प्रत्येक कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर टाकलेला असला की जितके मिलिव्होल्ट तितके मिलिॲम्पिअर. त्यात स्क्रीनचा करंटही मोजला जातो, म्हणून काटेकोर ३९ च्या मागे लागू नका. फार कमी ठेवला तर आवाज पातळ आणि किरकिरा, फार जास्त ठेवला तर प्लेट लाल. आत हात घालण्याआधी प्लग काढा, १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेट केलेल्या क्लिपांनी फिल्टर कॅपॅसिटरवर धरा आणि १० व्होल्टच्या खाली आल्याचं मीटरवर *बघा*. अंदाजाने नाही. बंद ॲम्पमध्येही ४०० च्या वर व्होल्ट बसून असतात.

आणि गिटारवादक एडी व्हॅन हेलनचं ऐकून डिमरस्टॅट (विजेचं व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावणारे: त्याने व्होल्टेज कमी केलं होतं, वाढवलं नव्हतं. ११७ वरून ९० केलं की फिलामेंट ६.३ चा ४.८ व्होल्टवर येतो, बायसही सरकतो. आवाज मऊ होतो खरा, पण त्या हिशोबाने बायस पुन्हा लावावा लागतो.

बंदपेटी
ठीक, ॲम्प धड असला असं धरू. तरी प्रश्न तोच आहे. शिवाय १०० वॅटचा हेड पूर्ण उघडला की १०० वॅटवर थांबत नाही, समोर २५ वॅटचे चार ग्रीनबॅक. स्पीकर स्वतःच दबायला लागतो. घरात रेझिस्टरवाला ॲटेन्युएटर (ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून आवाज कमी करणारा डबा) लावून वाजवलं की तेच सर्किट, तेच व्हॉल्व्ह, आणि आवाज मेलेला.

सत्तावीसके
त्यातला बराच भाग कानाचा आहे. आवाज कमी झाला की कानाला खालचे-वरचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मांडलंय. उरलेला भाग असा: खऱ्या स्पीकरचा इम्पिडन्स (ओहममधला अडथळा) ७५ हर्ट्झच्या आसपास आणि वरच्या टोकाला चढतो, ईएल३४ त्या चढावर जास्त व्होल्टेज देतो. साधा रेझिस्टर सपाट असतो. फीडबॅक जितका सैल, तितका हा परिणाम मोठा. म्हणजे तुमची पेटी बोलते, पण किती बोलू द्यायचं हे माझा १०० किलोओहमचा रेझिस्टर ठरवतो.

बंदपेटी
हे मात्र करून बघण्यासारखं आहे. फीडबॅकचे २७, ४७ आणि १०० किलोओहम एका रोटरी स्विचवर लावले तर? त्याच पेटीत फरक ऐकू आला तर अर्धा मुद्दा तुमचा.

ओसाडबायस
लावा, पण शॉर्टिंग प्रकारचा (पुढचा जोड लागेपर्यंत मागचा न सोडणारा) स्विच घ्या. नाहीतर फिरवताना मध्येच फीडबॅक तुटतो आणि धाडकन आवाज येतो. वायर आत्ता कुठल्या टॅपवर आहे ते आधी लिहून ठेवा, कारण टॅप बदलला की हे तीन आकडे एकमेकांशी तुलना करण्यालायक राहत नाहीत. आउटपुट ट्रान्सफॉर्मर कोणी बदललेला असेल आणि सुरू करताच ॲम्पने शिट्टी मारली, तर लगेच बंद करा. फीडबॅक उलटा लागलाय. प्लेटकडे जाणाऱ्या दोन वायरींची अदलाबदल केली की जागेवर येतो.