मदत हवी आहे: सॅम्पल स्लॅबमधल्या सेंटवर डाग पडतायत, स्लॅब न फोडता काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

नाशिकहून लिहितेय. आधी वस्तू काय ते सांगते, कारण नाणी जमवणाऱ्यांनाही ती फारशी माहीत नसते.

अमेरिकेत पीसीजीएस, एनजीसी, अ‍ॅनॅक्स अशा कंपन्या फी घेऊन नाणं तपासतात, १ ते ७० मध्ये त्याचा दर्जा ठरवतात आणि कडक पारदर्शक प्लास्टिकच्या चपट्या डबीत ते सील करून देतात. ही डबी म्हणजे स्लॅब. आपली डबी लोकांच्या हातात पडावी म्हणून याच कंपन्या नाण्यांच्या प्रदर्शनांत काही स्लॅब फुकट वाटत आल्या आहेत. आत साधं चलनातलं नाणं असतं: सेंट, निकेल (५ सेंट), डाइम (१० सेंट), नाहीतर १९९९ ते २००८ मध्ये निघालेल्या राज्यांच्या क्वार्टरपैकी (२५ सेंट) एखादं. दर्जा छापायच्या जागी 'सॅम्पल' असं लिहिलेलं. मी हे सॅम्पल जमवते. आजमितीला चौदा आहेत.

पहिलं मामाने दिलं. तो तेव्हा कॅलिफोर्नियात नोकरीला होता, लाँग बीचच्या प्रदर्शनात त्याला मिळालं होतं. मी सहावीत होते. आत डाइम, जेमतेम १८ मिलिमीटरचं, आपल्या जुन्या कंगोरेदार दहा पैशांपेक्षाही लहान. मामा आता नाही. ते स्लॅब अजून माझ्या टेबलाच्या खणात असतं.

आता अडचण. मागच्या वर्षी ऑनलाइन एक सेंटचं सॅम्पल घेतलं, नव्वदच्या दशकातलं. जुलैत पुसायला काढलं तर लिंकनच्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, काळा ठिपका. मोहरीच्या निम्मा असेल. दसऱ्यापर्यंत शेजारी आणखी दोन आले, आणि तारखेच्या वर तांब्याचा पापुद्रा फोडासारखा किंचित उचलला गेलाय. भिंगातून स्पष्ट दिसतं. १९८२ च्या मध्यापासून हे सेंट ९५ टक्के तांब्याचं राहिलं नाही. आत जस्त आणि वर तांब्याचा पातळ मुलामा, एवढंच. ओल आत शिरली की जस्त फुगतं, हे मला वाचून माहीत आहे. थांबवायचं कसं ते माहीत नाही.

सराफ बाजारात एका ओळखीच्या दुकानात दाखवलं. "ताई, फोडा की! दुसरं सेंट घाला, चिकटवून देतो." त्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं, पण मला ते अजिबात पटलं नाही. सेंट टांकसाळीतून कोट्यवधींनी निघालंय. मी जमवते ती डबी, ते लेबल, त्यावरचं प्रदर्शनाचं नाव. डबीचे दोन्ही भाग अल्ट्रासॉनिक यंत्राने एकजीव केलेले असतात. एकदा फोडलं की माझ्या दृष्टीने काहीच उरलं नाही.

आपल्या नाशिकजवळच्या जोगलटेंभीचंच बघा. १९०६ साली तिथे क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला छाप वरून मारलेला आहे. ती नाणी अभ्यासणाऱ्याला चांदीचं वजन नको असतं, त्याला तो वरचा छाप हवा असतो. माझं सॅम्पल त्या तोलाचं नाही, हे कळतं मला. पण जपायचं काय, हे मी तिथूनच शिकले.

तर जाणकारांनी सांगावं: स्लॅब बंद ठेवूनच डाग थोपवता येतील का? विक्रेत्याच्या किमतीच्या स्टिकरचा चिकटा डबीवर तसाच राहिलाय, तो कशाने काढू? आणि लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर सापडत नाही, म्हणजे माल खोटा का?

सिन्नरकर: ताई, स्लॅब हवाबंद नसतं, हा पहिला गैरसमज काढून टाका. हवा आत-बाहेर होतेच. सध्या कुठे ठेवता?

धागाकर्ती: सागवानी कपाटात, पुठ्ठ्याच्या खोक्यात. सोबत डांबराच्या गोळ्या.

सिन्नरकर: तिन्हीतून बाहेर काढा, आजच. लाकूड आणि पुठ्ठा आम्लाची वाफ सोडतात, गोळ्यांचा वासही नाण्यांजवळ नको. रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा डबा घ्या, आत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग उतरला की जेल तापवून, पूर्ण गार करून परत वापरता येतं. त्र्यंबकच्या बाजूला राहत असाल तर पावसाळ्यात दर आठवड्याला बघावं लागेल. आलेला फोड मात्र बसणार नाही. पुढचा वेग कमी होईल, एवढंच मिळेल.

पंचवटीची लेक: चिकट्यासाठी नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको! त्यातल्या अ‍ॅसिटोनने प्लास्टिक धुरकट होतं, माझं एक कायमचं गेलं. कोमट साबणाच्या पाण्यात मऊ फडकं भिजवून घट्ट पिळा आणि हळूहळू चोळा. स्लॅब पाण्यात बुडवू नका, सांध्यातून पाणी आत जातं. बारीक ओरखडे कारच्या हेडलाइटच्या पॉलिशने जातात. आधी कोपऱ्यात लावून बघा. आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवत असाल तर तेही बदला.

जुना गडी: क्रमांकाचं मनावर घेऊ नका. सॅम्पलवर पुष्कळदा क्रमांक नसतोच, किंवा नुसता दाखवायला असतो. त्यावरून खरं-खोटं ठरत नाही. कड बघा. ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं की जोडाची रेघ चारही बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. कुठे पांढरट चरा, गोंदाचा थेंब किंवा कोपऱ्यात टवका दिसला तर उघडून परत चिकटवलेलं समजा. २००८ च्या सुमारास नावाजलेल्या कंपन्यांच्या डब्यांच्याही चिनी नकला निघाल्या होत्या, तेव्हा अक्षरांची जाडीही ताडून बघा. तुमच्याकडे त्याच काळातलं खात्रीचं स्लॅब असेल तर शेजारी ठेवा.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्रीच चौदाही स्लॅब डब्यात गेली. चिकटा तीनदा पुसून निघाला, खाली लेबल स्वच्छ आहे. कड बघितली. तीन बाजू सारख्या आहेत, पण चौथीला, लेबलच्या उजव्या खालच्या कोपऱ्याशी, नखाएवढ्या जागेत रेघ तुटक दिसते. मामाच्या स्लॅबशी ताडलं, पण ते वेगळ्या कंपनीचं आणि जुन्या घडणीचं आहे, त्यामुळे काही ठरवता येईना. नव्वदच्या दशकातलं सेंटचं सॅम्पल कोणाकडे असेल तर त्या कोपऱ्याचा, तिरक्या उजेडातला फोटो टाकाल का? माझा खाली जोडते आहे.