बोक्याचा कोरोना पॉझिटिव्ह आलाय, मदत हवी आहे

मंडळी, आमच्या बोक्याचे जुलाब थांबेनात म्हणून रक्त तपासलं, तर कोरोनाच्या अँटीबॉडीज निघाल्या. घरच्यांनी लगेच मास्क शोधायला घेतले! मांजरांचा हा कोरोना माणसाला होत नाही, एवढं मला माहीत आहे. २०१९ चा विषाणू कोरोना विषाणूंच्या बीटा गटातला, हा अल्फा गटातला.

खरी धास्ती एफआयपीची, म्हणजे याच विषाणूमुळे मांजरांना होणाऱ्या गंभीर आजाराची आहे. बहुतेक मांजरांत हा विषाणू आतड्यापुरताच राहतो, पण थोड्यांमध्ये त्यात बदल होतो, तो पांढऱ्या पेशींत शिरतो आणि पोटात पाणी भरू लागतं. अँटीबॉडीजवरून फक्त संसर्ग होऊन गेल्याचं कळतं, एफआयपीचं नाही. बोका खातोय, ताप नाही, पण जरा मलूल आहे. डॉक्टर म्हणतात, बघू.

घरात दुसरी मांजरही आहे. विष्ठेतून पसरतो म्हणून तिचा लिटर ट्रे वेगळा केला, पण दोघं दिवसभर एकमेकांना चाटत बसतात, त्याचं काय करू? आता वेगळं ठेवण्यात काही अर्थ आहे का? आणि एफआयपीतून मांजर बाहेर काढलेल्यांनी सांगा, सुरुवातीला नेमकं काय दिसलं होतं?